पाकळीची उंची

तोंडात चार टाचण्या धरून अख्खं भांडण करता येणं हे त्या कारखान्यात एकीलाच जमायचं, म्हणून तिचं नाव पडलं टाचणी. वयाने लहान असलेले तिला टाचणीताई म्हणत, मोठे नुसतंच टाचणी. खरं नाव हजेरीच्या वहीत होतं, आणि तिथंही कारकुनाने ते चुकीचं लिहून ठेवलं होतं.

कारखाना दिव्यांच्या शेडचा. तारेचा सांगाडा आणि त्यावर ताणून बसवलेलं कापड. चौकोनी शेडला कापडाचे चार तुकडे लागतात, वर अरुंद, खाली रुंद. त्या तुकड्याला तिथं पाकळी म्हणत आणि सांगाड्याच्या तिरक्या तारेला काडी. सोळा वर्षं टाचणी त्या काड्यांवर पाकळ्या शिवत होती. तिने बसवलेल्या शेडवर सुरकुती शोधून दाखवा, असं ती नव्या माणसांना छातीठोक सांगायची, आणि ते बिचारे खरोखरच शोधत बसायचे. पण तिचा जीव मशिनवर नव्हता, तो होता कटिंगच्या टेबलावर.

ते टेबल खिडकीखाली होतं, बारा फूट लांब, आणि म्हाताऱ्या कटिंग मास्तरांशिवाय त्याला कुणी हात लावत नसे. मास्तर या महिन्याच्या अखेरीला निवृत्त होणार होते. त्यांच्यामागे ते टेबल आपल्याला मिळावं, एवढंच टाचणीला हवं होतं. नवऱ्याकडून तिने काही मागायचं केव्हाच सोडलं होतं, देवालाही ती फारसा त्रास देत नसे. पण टेबल हवं म्हणजे हवं.

मिळालंही असतं हो! पण मागच्या वर्षी घोळ झाला. मास्तरांची कंबर धरली, ते आठवडाभर घरी झोपून राहिले आणि नेमकी तेव्हाच एका हॉटेलची मोठी ऑर्डर आली. कापड किती मागवायचं, म्हणून मॅनेजरने टाचणीला विचारलं. बाईंनी ऐटीत हिशेब केला. काडी सव्वीस सेंटिमीटरची, म्हणून पाकळ्या ज्या आडव्या पट्ट्यांतून कापतात ती एकेक पट्टीही सव्वीसची धरली, आणि तेरा तागे मागवले. ऑर्डर पुरी झाली आणि डाळिंबी रंगाचा एक अख्खा तागा तसाच्या तसा उरला. तो रंग दुसऱ्या कुणाला नको होता. मॅनेजरने चारचौघांत तिचा असा पाणउतारा केला की विचारू नका. आणि वर नियम काढला: यापुढे कटिंगच्या टेबलावर आठवी पास माणूसच उभा राहील.

"मास्तर स्वतः चौथी शिकलेत," टाचणी म्हणाली.

"मास्तर जुन्या काळचे," मॅनेजर म्हणाला, "त्यांना सगळं माफ."

टाचणीने शाळा सहावीत सोडली होती. मोठ्या माणसांसाठी आठवीची परीक्षा असते, ती बाहेरून देता येते, असं तिला कळलं आणि तिने फॉर्म भरला. भाषा सुटली, इतिहास सुटला, विज्ञानात तर तिला साठ पडले. गणितात घोडं पेंड खाऊ लागलं. पस्तीसला पास. पहिल्या खेपेला पडले तेहेतीस, दुसऱ्या खेपेला एकोणतीस. दोन्ही खेपांना समलंब चौकोनाचं क्षेत्रफळ विचारलं होतं, आणि दोन्ही खेपांना ते चुकलं होतं. तीनदाच बसता येतं. तिसरी खेप या महिन्यात होती. नाहीतर एक तारखेला बाहेरचा आठवी पास माणूस येणार, हे मॅनेजरने ठरवूनही टाकलं होतं.

शिकवणी घरचीच. लेक आठवीत होती, पुस्तक एकच, त्यावरून रोज ओढाताण. लेकीचा शिकवण्याचा थाट असा की टाचणीने तिचं नाव 'हेडबाई' ठेवलं होतं.

त्या रविवारी दुपारी स्वयंपाकघरातल्या टेबलावर दोघी बसल्या होत्या. हेडबाईंनी वहीत समलंब चौकोन काढून दिला. वरची बाजू दहा, खालची तीस, आत एक तुटक रेघ, तिच्यावर चोवीस लिहिलेलं, आणि तिरक्या बाजूवर सव्वीस.

"सोडव."

टाचणीने चाळीस गुणिले सव्वीस केलं. हेडबाईंनी कपाळावर हात मारून घेतला.

"आई! अगं, तिरकी बाजू कशाला घेतेस? उंची घे ना, उंची!"

"मग ही कोण आहे? वरून खालपर्यंत हीच तर जाते."

"ती तिरकी आहे. उंची सरळ असते. ती बघ तुटक रेघ."

"तुटक रेघ तू काढलीस म्हणून आहे. शेडमध्ये असली तुटक तार कुठं असते गं? मी रोज हातात धरते ती ही, काडी. सोळा वर्षं पाकळीची लांबी मी काडीवरच मोजते आहे."

"ही पाकळी नाहीये, समलंब चौकोन आहे!"

"वर अरुंद, खाली रुंद, दोन्ही कडा समोरासमोर सरळ. पाकळी नाही तर काय घोडा आहे?"

लेकीने दात-ओठ खात सूत्र परत म्हणून दाखवलं. समांतर बाजूंची बेरीज गुणिले उंची, भागिले दोन.

"बरं," टाचणी म्हणाली, "ते भागिले दोन कशाला?"

"सूत्रच आहे तसं."

"पण का?"

"आई, ते पाठ करायचं असतं!"

"मला नाही पाठ होत. मी काय पोपट आहे? का ते कळल्याशिवाय माझ्या हाताला वळण लागत नाही."

यावर हेडबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. खरं सांगायचं तर 'भागिले दोन का' हे त्यांनाही ठाऊक नव्हतं, आणि तेच जास्त झोंबलं होतं. "तू मुद्दाम करतेस," ती म्हणाली. "तू परत नापास होणार आणि सगळ्यांना सांगणार की लेकीने शिकवलं नाही." वही तशीच टाकून ती उठून गेली. टाचणी त्या आकृतीकडे बघत बसली. मनातून ती हादरली होती. आपण खरंच ठोंबी आहोत की काय, अशी पाल तिच्या मनात चुकचुकली. असं तिला सहसा होत नसे.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत सगळे डबे घेऊन अंगणात गेले, तरी मास्तर टेबलावरच होते. महिना संपायच्या आत हातातलं काम उरकायचं होतं त्यांना. टाचणी डबा तिथंच घेऊन गेली आणि बघत उभी राहिली.

मास्तरांनी कापड अंथरलं, त्याच्या या काठापासून त्या काठापर्यंत खडूने दोन समांतर रेघा मारल्या. मग पुठ्ठ्याची पाकळी ठेवली, भोवती खडू फिरवला. पुढची पाकळी उलटी ठेवली, डोकं खाली, पाय वर. मग परत सुलटी, परत उलटी. एकीची तिरकी कड दुसरीच्या तिरक्या कडेला चिकटून. मध्ये बोटभर कापडही वाया नाही. हे तिने हजार वेळा पाहिलं होतं. पण आज तिच्या हातातला घास हातातच राहिला.

"मास्तर, थांबा. जरा थांबा."

"काय झालं गं टाचणे? पाल पडली का डब्यात?"

तिने डबा बाजूला ठेवला, हात पदराला पुसले आणि एक सुलटी, एक उलटी अशा दोन पाकळ्यांवरून बोट फिरवलं. वरची कड दहा, तिच्या शेजारी उलटीचा पाय तीस. झाले चाळीस. खालची कड तीस आणि दहा, परत चाळीस. दोघी मिळून वरही चाळीस, खालीही चाळीस, एक आडवी पट्टी झाली. एका पाकळीला त्यातलं अर्धं.

"अर्धं!" ती एवढ्या मोठ्याने ओरडली की मास्तरांच्या हातातला खडू पडला. "म्हणून भागिले दोन! दोन पाकळ्यांची पट्टी मोजायची आणि एकीपुरतं अर्धं घ्यायचं! एवढंच? एवढ्यासाठी मी दोनदा नापास झाले?"

"मला काय माहीत तू कशासाठी नापास झालीस," मास्तर म्हणाले.

टाचणीने गळ्यातली टेप काढून मास्तरांच्या दोन रेघांमधलं अंतर मोजलं. चोवीस. तिने परत मोजलं. चोवीसच.

"मास्तर, काडी सव्वीसची आहे ना हो?"

"आहे की."

"मग सव्वीसची पाकळी चोवीसात बसली कशी?"

मास्तरांनी चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं. "तिरकी आहे म्हणून. भिंतीला शिडी टेकवलीस तर शिडीएवढ्या उंचीवर पोचतेस का तू? शिवताना काडीवर मोजायचं, कापड मागवताना सरळ मोजायचं. सव्वीसने मागवलंस तर दर बारा ताग्यांमागे एक..."

टाचणीचा चेहरा त्या उरलेल्या ताग्यासारखा लाल झाला होता. वर्षभर ती मनाशी म्हणत होती की दुकानदारानेच कापड जास्त पाठवलं असणार.

"तुम्हाला माहीत होतं? माझं कुठं चुकलं ते?"

"माहीत होतं."

"मग सांगितलं का नाहीत?"

"तू विचारलंस कधी? दोन महिने माझ्याशी बोलत नव्हतीस. तोंडात टाचण्या धरून नुसती फणकारत होतीस."

हे मात्र खरं होतं. टाचणी खो खो हसत सुटली. हसता हसता तिने मास्तरांच्या खडूने टेबलाच्या कडेवरच गणित केलं आणि उरलेली सुट्टी संपेपर्यंत तेच चार वेगवेगळ्या आकड्यांनी करून बघितलं. डबा राहिला तो राहिलाच.

संध्याकाळी तिने लेकीला स्वयंपाकघरात बसवलं. वर्तमानपत्राच्या दोन पाकळ्या कापल्या, एक सुलटी ठेवली, एक उलटी. हेडबाई बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "आमच्या बाईंनी हे सांगितलंच नाही." तिचा राग कुठल्या कुठे पळाला आणि माय-लेकी रात्रीच्या जेवणापर्यंत अख्खं वर्तमानपत्र कापत बसल्या. नवऱ्याला बातम्या वाचायच्या होत्या, त्याला फक्त हवामान मिळालं.

परीक्षा शनिवारी, लेकीच्याच शाळेत. सकाळी ऐंशी मार्कांचा लेखी पेपर आणि दुपारी वीस मार्कांची तोंडी. लेखी पेपर कठीण निघाला. बीजगणिताने तिच्या नाकी नऊ आणले. शाळेच्या पायरीवर बसून तिने बोटांवर मोजलं, फार तर पंचवीस पडतील. म्हणजे तोंडीत निदान दहा हवेत. तोंडीला एकच उदाहरण देतात, हे तिला दोन वेळच्या अनुभवाने माहीत होतं. आलं तर आलं, नाहीतर टेबल गेलं.

परीक्षा घेणाऱ्या बाई तिशीच्या असतील नसतील. टाचणीच्या आधी आत गेलेला ड्रायव्हर पाच मिनिटांत घाम पुसत बाहेर आला. "तिरकस आहेत बाई," तो म्हणाला आणि निघून गेला.

बाईंनी फळ्यावर हाताने एक आकृती काढली. वर अरुंद, खाली रुंद. वरच्या बाजूवर लिहिलं वीस, खालच्या बाजूवर पन्नास, दोन्ही तिरक्या बाजूंवर एकोणचाळीस.

"समलंब चौकोन आहे. दोन्ही तिरक्या बाजू सारख्या. क्षेत्रफळ काढा."

समलंब! टाचणीला आनंदाने उडी मारावीशी वाटली. तिने खडू घेतला, बेरीज लिहिली, सत्तर. गुणिलेची खूण काढली, आणि सोळा वर्षांची सवय, हात आपोआप तीन लिहून नऊकडे वळला.

तिथंच ती थांबली. अगं बये, ही तर काडी! तिने तळहाताने तो तीन पुसून टाकला.

"बाई, यात उंची दिलेली नाही."

"नाही दिलेली," बाई म्हणाल्या. "काढायची आहे. काटकोन त्रिकोणाचा नियम येतो ना?"

नियम तिने वाचला होता. वर्ग, बेरीज, वर्गमूळ. पण त्या घटकेला तिच्या डोक्यात त्यातलं एक अक्षर उरलं नाही. सगळं साफ. बाईंनी घड्याळाकडे बघितलं.

आणि मग टाचणीला स्वतःचाच राग आला. काड्या माहीत आहेत, वरची कड माहीत आहे, खालची माहीत आहे. मोडक्या शेड दुरुस्तीला येतात तेव्हा कापड फाटून गेलेलं असतं, नुसता सांगाडा हातात येतो. त्या सांगाड्यावरून पुठ्ठ्याची पाकळी कोण काढतं? मॅनेजर काढतो का?

"बाई, मी मोजून काढली तर चालेल?"

"मोजून? माझी आकृती मापात नाही."

"माझी असेल."

तिने गळ्यातली टेप ओढली. बाई काही म्हणायच्या आत फळ्याच्या खालच्या अंगाला पन्नास सेंटिमीटरची आडवी रेघ मारून झाली. "वरची वीस, खालची पन्नास," ती मोठ्याने बोलू लागली, कारखान्यात बोलायची तशीच. "म्हणजे खालची तीसने जास्त. दोन्हीकडे सारखी वाटून पंधरा-पंधरा." डाव्या टोकापासून पंधरावर खूण केली. बाईंच्या टेबलावरचं जाड पुस्तक न विचारताच उचललं, त्याचा कोपरा रेघेवर बसवला आणि खुणेवरून सरळ उभी रेघ वर नेली. मग टेपचं टोक डाव्या कोपऱ्यात अंगठ्याने दाबून धरलं, एकोणचाळीसवर खडू लावला आणि टेप ताणून गोल फिरवली. खडूने उभ्या रेघेला छेदलं.

"इथं काडी टेकते. हे पाकळीचं वरचं टोक." तिने उभी रेघ मोजली. "छत्तीस."

बाई खुर्चीतून उठल्या. त्यांनी कागदावर भराभर काहीतरी मांडलं, वर्ग केले, वजा केले. बाईंचं पेन थांबलं.

"छत्तीस," बाई म्हणाल्या. "बरोबर छत्तीस."

"सत्तर गुणिले छत्तीस, पंचवीसशे वीस. त्याचं अर्धं, बाराशे साठ." टाचणीने आकड्याखाली दोन रेघा ओढल्या.

"अर्धं का करायचं, ते सांगता येईल?"

आता हे विचारलंत! टाचणीने तिच्या पाकळीला चिकटून दुसरी पाकळी काढली, डोकं खाली, पाय वर, आणि दोघींची मिळून पट्टी कशी होते ते सांगायला सुरुवात केली. वर वीस आणि पन्नास, खाली पन्नास आणि वीस. पट्टीची उंची काडीएवढी का नसते, तेही सांगितलं, शिडीसकट. बाहेर थांबलेले दोघं दारातून डोकावू लागले, त्यांनाही तिने आत बोलावून घेतलं. एकाला नीट कळेना, त्याला परत सांगितलं. बाई हाताची घडी घालून शांतपणे ऐकत होत्या.

"तुम्ही काय काम करता?" शेवटी त्यांनी विचारलं.

"दिव्यांच्या शेड शिवते."

"मी सात वर्षं हे शिकवते आहे," बाई म्हणाल्या. "हा फळा आज पुसू नका. सोमवारी माझ्या मुलांना दाखवायचाय."

निकाल महिन्याच्या शेवटच्या दिवशी, दुपारी बारा वाजता शाळेच्या फलकावर लागला. लेक शाळा सुटल्यावर तिथंच थांबली होती आणि टाचणी अर्ध्या दिवसाची रजा टाकून आली होती. बघायचा धीर टाचणीला होईना, म्हणून लेक गर्दीत घुसली. तिचं बोट यादीवरून खाली आलं, एका नंबरावर थांबलं आणि तिथून उजवीकडे गेलं.

"लेखी अठ्ठावीस," लेक ओरडली. "तोंडी वीस! आई, वीसपैकी वीस! अठ्ठेचाळीस झाले! पास झालीस गं!"

मग जे झालं ते काही आठवी पास बाईला शोभणारं नव्हतं. टाचणीने लेकीला उचललं, चौदा वर्षांच्या घोडीला, आणि शाळेच्या अंगणात गरागरा फिरवलं. लेक "आई, मैत्रिणी बघतायत!" म्हणून किंचाळत होती आणि हसतही होती. टाचणी रडत होती. आनंदाने रडू येतं हे तिने नुसतं ऐकलं होतं.

दाखल्यासाठी शाळेच्या कार्यालयात चार वाजेपर्यंत ताटकळून ती तशीच कारखान्यात आली. मॅनेजरने दाखला वाचला, उलटा करून मागची कोरी बाजूही वाचली. मग फोन उचलला आणि उद्या येणाऱ्या माणसाला येऊ नका म्हणून सांगितलं. "अभिनंदन," तो म्हणाला. एवढंच म्हणाला, पण उभा राहून म्हणाला.

टाचणी टेबलापाशी गेली तेव्हा पाच वाजत आले होते. बातमी तिच्या आधीच पोचली होती. चाळीस मशिनं एकदम थांबली आणि असा टाळ्यांचा कडकडाट झाला की छताखालची पाखरं उडाली. मास्तरांनी आपलं सामान एका पिशवीत भरून ठेवलं होतं. त्यांनी टेबल ओल्या फडक्याने पुसलं, कोरड्याने पुसलं आणि बाजूला झाले. टाचणी त्यांच्या जागी जाऊन उभी राहिली. हात कुठे ठेवावेत ते तिला सुचेना, म्हणून तिने ते टेबलावर ठेवले.

कटिंगच्या टेबलावर जो असेल त्याला विचारल्याशिवाय त्या खोलीतून कुणी घरी जात नसे. चाळीस वर्षं सगळे मास्तरांना विचारून जात आले होते. मास्तरांनी पिशवी खांद्याला लावली, दारापर्यंत गेले, थांबले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले,

"मास्तर, निघू का मी?"

टाचणीने मागे वळून बघितलं. मागे कुणी नव्हतं. मग तिच्या ध्यानात आलं. तिने घसा खाकरून साफ केला.

"निघा," ती म्हणाली. "सावकाश जा."